शिरेतून सोडायचे बुडबुडे आणि कोकणातला फ्रिज

सलाईन लावलेल्या खाटेशेजारी बसलेल्या नातेवाईकाचा डोळा नळीवरून हटत नाही. नळीत एखादा बुडबुडा दिसला की "सिस्टर, हवा! हवा!" म्हणून तो वॉर्ड डोक्यावर घेतो. शिरेत हवा गेली की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे पक्की आहे. त्यामुळे यकृतातली गाठ सोनोग्राफीत तपासताना काही वेळा डॉक्टर मुद्दाम हाताच्या शिरेतून कोट्यवधी बुडबुडे सोडतात हे सांगितलं, तेव्हा कुडाळचे एक काका म्हणाले, "शिरेत हवा गेली तर माणूस मरता म्हणतत, आणि हे पैसे घेवन हवा सोडतत?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर आकारात आणि प्रमाणात आहे. जीव घेते ती हवा एकदम आणि बरीच, सहसा पन्नास-शंभर मिलिलिटर किंवा त्याहून जास्त शिरलेली. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात अडकते आणि रक्त पुढे ढकलू देत नाही. नळीतला एखादा बारका बुडबुडा बहुतेक वेळा फुप्फुसाच्या जाळ्यात अडकतो आणि तिथेच विरघळून जातो. (म्हणून सिस्टरला हाक मारू नका असं नव्हे. जरूर मारा.) तपासणीसाठी सोडतात त्या बुडबुड्यांचं गणित याहून कितीतरी लहान आहे. सोनोव्ह्यू नावाचं औषध घ्या. तयार झालेल्या त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते ५६ कोटी बुडबुडे असतात, पण त्या सगळ्यांतला वायू एकत्र केला तर तो भरतो ८ मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग). यकृतासाठी नेहमीचा डोस २.४ मिलिलिटरचा, म्हणजे वायू १९ मायक्रोलिटर. पाण्याचा एक थेंब ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतो. तेव्हा एवढा सगळा खटाटोप अर्ध्या थेंबाहून कमी वायूचा आहे. एकेका बुडबुड्याची जाडी सरासरी अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. पेशी जिथून जाते तिथून बुडबुडा सहज जातो, अगदी फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतूनही.

आता हे सोडायचेच कशाला? सोनोग्राफीत आवाज आत जातो, कुठेतरी आपटून परततो, आणि त्या परतलेल्या आवाजाचं चित्र होतं. रक्त या बाबतीत फार मुखदुर्बळ आहे. त्यातून जवळजवळ काहीच परत येत नाही, म्हणून पडद्यावर रक्तवाहिनी काळी दिसते. यकृतातल्या गाठीत रक्त कसं येतं, किती वेळ थांबतं, कधी निघून जातं, यावर गाठ साधी की वाईट याचा बराच अंदाज बांधता येतो, आणि नेमकं तेच साध्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. वायू आणि पाणी यांच्या सीमेवर मात्र आवाज जोरात आपटतो. पण बुडबुड्याचं खरं कसब परत फेकण्यात नाही, थरथरण्यात आहे.

गणपतीपुळ्याला किंवा वेळणेश्वरला लाट फुटताना जो आवाज येतो, त्यातला मोठा वाटा बुडबुड्यांचा असतो. पाण्यात अडकलेली हवा जन्मल्याक्षणी आकसते-फुगते, आणि आपल्याला ऐकू येते ती ही धडपड. प्रत्येक आकाराच्या बुडबुड्याचा स्वतःचा सूर ठरलेला असतो, हे मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञानं १९३३ साली गणितानं दाखवलं. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला हजारेक वेळा कंप पावतो. आकार जितका लहान, तितका सूर चढा. हेच सूत्र तीन मायक्रॉन जाडीच्या बुडबुड्याला लावलं तर उत्तर येतं सेकंदाला वीसेक लाख कंपनं. आणि पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा, काम करतो तो साधारण वीस ते पन्नास लाखांच्या पट्ट्यात! केशवाहिनीतून जाण्याइतका लहान बुडबुडा आणि शरीरात खोलवर पोचणारा आवाज यांचे सूर जुळावेत, याला निव्वळ योगायोगच म्हणायचं. निसर्गानं ही सोय कुणासाठी मुद्दाम केलेली नाही.

त्यातही एक गंमत आहे. बुडबुडा फुगतो सहज, आकसताना मात्र अडून बसतो. या विषम हालचालीमुळे तो आलेल्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट सूरही काढतो. यंत्राला फक्त दुप्पट सूर ऐकायला सांगितलं की आजूबाजूचं मांस गप्प होतं आणि रक्त तेवढं चमकतं. यासाठी आवाजाचा जोर अगदी कमी ठेवावा लागतो. वाढवला की बुडबुडे फटाफट फुटतात. कधी कधी ते मुद्दाम फोडतातही, आणि नवे बुडबुडे किती वेगानं भरून येतात ते पाहतात. त्यावरून त्या भागात रक्त किती वेगानं खेळतंय ते कळतं.

बुडबुडे आधी सापडले ते चुकून म्हणावेत असे. १९६८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या मुळाशी नळीतून रंगद्रव्य सोडताना इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर ढगासारखा पांढरा झोत पाहिल्याची नोंद केली. चमकत होते ते टोचण्याबरोबर आत गेलेले बारीक बुडबुडे. त्यातूनच पुढे आली ती आजही इकोच्या खोलीत होणारी 'बबल स्टडी', तिला कुठल्याही कंपनीचं औषध लागत नाही. दोन सिरिंज एका थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या छोट्या तोटीला, जोडायच्या. एकीत नऊएक मिलिलिटर सलाईन आणि एक मिलिलिटर हवा घ्यायची. दोन्ही दट्टे आळीपाळीनं दाबत पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे दामटायचं. काही वेळात सलाईन गढूळ पांढरं होतं. ते लगेच, म्हणजे त्या क्षणीच, शिरेत सोडायचं. दम धरला तर पांढरेपणा वर जाऊन सिरिंजच्या टोकाशी मोठ्या हवेची गोळी होते, आणि ती मात्र सोडायची नसते. पडद्यावर उजवा कप्पा बुडबुड्यांनी भरतो. ते फुप्फुसात अडकून विरतात, म्हणून डावा कप्पा काळाच राहायला हवा. पहिल्या तीन ठोक्यांत डावीकडे बुडबुडे दिसले, तर वरच्या दोन कप्प्यांमध्ये गर्भात असलेली वाट उघडी राहिली आहे असं समजतात. अशी वाट साधारण चार माणसांतल्या एकाला असते आणि बहुतेकांना ती जन्मभर त्रास देत नाही. पण तिशी-चाळिशीतल्या माणसाला कारण नसताना अर्धांगाचा झटका आला, की डॉक्टर आधी हीच वाट शोधतात.

हे बुडबुडे फुप्फुस ओलांडत नाहीत, म्हणून हृदयाच्या उजव्या बाजूपलीकडे त्यांचा उपयोग नाही. यकृत पाहायचं तर बुडबुडा लहान हवा, एकसारखा हवा आणि पाचेक मिनिटं तरी टिकायला हवा. घोडं पेंड खातं ते इथेच.

बुडबुड्याच्या पृष्ठभागाला आकसायची ओढ असते, आणि बुडबुडा जितका लहान तितकी ही ओढ आतल्या वायूला जोरात दाबते. साध्या पाण्यातल्या तीन मायक्रॉनच्या बुडबुड्यात बाहेरच्यापेक्षा जवळजवळ एक वातावरण दाब जास्त असतो. दाबलेला वायू पाण्यात विरघळतो, बुडबुडा आणखी लहान होतो, दाब आणखी वाढतो. असं स्वतःलाच खात तो सेकंदाच्या आत नाहीसा होतो. यावर उपाय दोन: बुडबुड्याला कवच घाला, आणि विरघळणार नाही असा वायू भरा.

कवचाची कल्पना समुद्राकडे पाहिली तर चटकन कळते. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळला की किनाऱ्यावर पिवळसर फेस साचतो, वाऱ्याबरोबर घरंगळत माडांपर्यंत येतो. नळाच्या पाण्याचा फेस असा टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात कुजलेल्या शेवाळातली, प्लवकांतली प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यं असतात. ती बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्याची आकसायची ओढ मोडतात. औषधातही हेच करतात, फक्त द्रव्यं निवडून आणि शुद्ध करून घेतात. पहिली निवड होती माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. त्याच्या द्रावणात तीव्र आवाजाच्या लहरी सोडल्या की हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि त्यांच्यावर अल्ब्युमिनची साल धरते. या पद्धतीचं अल्ब्युनेक्स १९९४ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण आत साधी हवाच होती, ती सालीतूनही निसटायची. म्हणून ते फार काळ चाललं नाही.

पुढच्या पिढीत साल बहुधा फॉस्फोलिपिडची झाली. आपल्या पेशींच्या भिंती ज्या स्निग्ध रेणूंच्या, त्याच कुळातले हे. एक टोक पाण्याला धरून, दुसरं शेपटीसारखं टोक वायूकडे वळवून ते शेजारी शेजारी दाटीनं उभे राहतात. त्यातला एक डीपीपीसी ४१ अंशांना सैल होतो आणि दुसरा डीएसपीसी ५५ अंशांना, म्हणजे ३७ अंशांच्या रक्तात दोघेही घट्ट राहतात. शेपट्यांची लांबी निवडताना रसायनतज्ज्ञ हे अंश बघूनच निवडतात. बुडबुडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बरोबर पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

वायू मात्र हवेतला नको, जड आणि पाण्याशी फटकून वागणारा हवा. सोनोव्ह्यूत असतो सल्फर हेक्झाफ्लोराइड. वीज उपकेंद्रात काम करणाऱ्याला हा 'एसएफ सिक्स' म्हणून ओळखीचा आहे, सर्किट ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला हाच भरलेला असतो. बाकीच्या औषधांत ऑक्टाफ्लोरोप्रोपेन किंवा परफ्लोरोब्युटेन असतो. हे तर पाण्यात आणखीच कमी विरघळतात. शरीर त्यांचं काहीच करत नाही, त्यांची कशाशी रासायनिक क्रिया होत नाही. कवच मोडलं की वायू फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर जातो. एसएफ सिक्सचा ८० टक्क्यांहून जास्त भाग दोन मिनिटांतच गेलेला असतो. मूत्रपिंडाचा यात संबंधच येत नाही. सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या औषधाला ज्यांच्या वाढलेल्या क्रिएटिनिनमुळे (मूत्रपिंड थकल्याची ती खूण) डॉक्टर बिचकतात, त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा आहे.

आता साठवणीकडे येऊ. बुडबुडे करून बाटलीत भरून ठेवले तर काय होईल? पहिली गोष्ट, ते तरंगतात. तीन मायक्रॉनचा बुडबुडा तासाला पावणेदोन सेंटिमीटर वर चढतो. हा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दहा मायक्रॉनचा दांडगा मिनिटाला तीन मिलिमीटर चढतो. म्हणजे थोड्याच वेळात मोठे वर, लहान खाली, अगदी तळाशी नुसतं पाणी. दुसरी, धाकट्यांमधला वायू हळूहळू थोरल्यांमध्ये जातो. धाकटे मरतात, थोरले फुगतात, आणि आपल्याला नको असतात ते फुगलेलेच. तिसरी गोष्ट जंतूंची. तयार बुडबुडे उकळता येत नाहीत. जंतू गाळायच्या गाळणीची भोकं ०.२२ मायक्रॉनची असतात, त्यातून बुडबुडा कसा जाणार? म्हणून आधी घटक निर्जंतुक करायचे आणि मग सगळं काम जंतुरहित खोलीत पार पाडायचं, असा महागडा खटाटोप करावा लागतो.

तरीही एक औषध तयार बुडबुडेच विकतं. ऑप्टिसन, १९९७ सालचं. कवच अल्ब्युमिनचं, आत ऑक्टाफ्लोरोप्रोपेन. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. बर्फाचे स्फटिक कवचं फोडतात. शीशी फ्रिजमधून काढली की वर पांढरा थर आणि खाली स्वच्छ पाणी दिसतं. ती उलटीपालटी करून हलक्या हातानं फिरवत राहायचं, सगळं दुधाळ एकसारखं होईपर्यंत. जोरात झटकायची नाही.

बाकीच्यांनी जास्त शहाणपणाचा मार्ग धरला, असं माझं मत आहे. बुडबुडे ठेवूच नका, बुडबुड्यांचं सामान ठेवा. डेफिनिटी नावाच्या औषधाच्या शीशीत तळाला लिपिडचं द्रावण असतं आणि वरच्या मोकळ्या जागेत वायू. वापरायच्या वेळी ती एका छोट्या यंत्रात घालून ४५ सेकंद भन्नाट वेगानं हलवायची. दाताच्या दवाखान्यात चांदीचं मिश्रण घुसळणारं यंत्र असतं, त्याच जातीचं हे. मिलिलिटरला १२०० कोटींपर्यंत बुडबुडे तयार होतात. पण मूळची शीशी फ्रिजमध्ये ठेवायची, आणि घुसळण्याआधी ती खोलीच्या तापमानाला आणायची. थंडगार शीशी यंत्रात घातली तर लिपिड नीट पसरत नाहीत आणि बुडबुडे कमी होतात. घाईत हे नेमकं विसरलं जातं. २०२० साली या औषधाचं फ्रिज न लागणारं रूपही आलं.

सोनोव्ह्यू तर कोरडंच आहे. लिपिड आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल गोठवून, निर्वातात सुकवून त्यांची २५ मिलिग्रॅम पांढरी वडी शीशीत असते, आणि वडीच्या सच्छिद्र पोकळ्यांत आणि वरच्या मोकळ्या जागेत एसएफ सिक्स भरलेला असतो. सोबत ५ मिलिलिटर सलाईनची भरलेली सिरिंज येते. सलाईन सोडायचं आणि २० सेकंद जोरात हलवायचं, इथे हलका हात नको. वडी विरघळते, तिच्यातला वायू जागच्या जागी कवचात अडकतो आणि शीशीत ताकासारखं पांढरं द्रावण तयार होतं. घन कण उरले असतील तर ती शीशी टाकून द्यायची. एकदा तयार झालं की युरोपातल्या लेबलाप्रमाणे सहा तास, अमेरिकेतल्या लेबलाप्रमाणे तीन तास. मध्ये ठेवलेलं असेल तर सिरिंजमध्ये ओढण्याआधी पुन्हा हलवायचं, कारण तरंगणं थांबलेलं नसतं.

कोकणात हा फरक पुस्तकी राहत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं, त्यानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वादळ सोडा, दर जूनला लाईनवर फांदी पडली की फिडर जातोच. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींसाठी आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज, असतो आणि तो वीज गेल्यावरही थंडी धरून राहतो, पण त्यात लशींखेरीज काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मग उरतो साधा फ्रिज. त्यात मागच्या भिंतीला टेकलेली शीशी गोठते आणि दारातली तापते. तयार बुडबुड्यांच्या शीशीसाठी दोन्ही वाईट. कोरड्या वडीला मात्र युरोपच्या लेबलवर साठवणीची खास अट नाही. अमेरिकेच्या लेबलवर २५ अंश आहे, थोड्या वेळापुरते १५ ते ३० चालतात. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारी पारा तेहतिसाच्या आसपास असतो आणि पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये त्याच्याही वर, त्यामुळे "फ्रिज लागत नाही" याचा अर्थ "कुठेही ठेवा" असा मी तरी घेणार नाही. एसीच्या खोलीतलं बंद कपाट पुरे. आंबा घाटातून शीशी खाली आली तर उंचीच्या फरकानं दाब बदलून काही होईल का, असंही विचारतात. शीशी काचेची आणि सीलबंद आहे, बाहेरचा दाब आत पोचतच नाही.

दाबाचा खरा धोका सिरिंजमध्ये असतो. दट्टा जोरात मागे ओढला की आत निर्वात होतो, बुडबुडे फुगतात आणि कवचं तडकतात. बारीक सुईतून जोरात ढकलले तरी तेच. म्हणून या तपासणीला २० नंबरची, म्हणजे गुलाबी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची सलाईनची बारीक नळी) शक्यतो कोपराच्या खोबणीतल्या शिरेत लावतात, आणि मागोमाग सलाईन सोडतात. त्याहून बारीक पिवळी असेल तर चांगल्या शीशीतला मालही वाटेतच संपतो, आणि चित्र फिकं आलं की दोष यंत्राला दिला जातो.

पुढची धाव मेंदूकडे आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. शिरेत बुडबुडे असताना बाहेरून नेम धरून आवाज सोडला की ते थरथरत भिंतीच्या पेशी तात्पुरत्या विलग करतात, आणि काही तासांनी वाट आपोआप मिटते. टोरांटोत २०१५ साली मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हे पहिल्यांदा करून पाहिलं. आपल्या तालुक्याला हे यायला वेळ आहे.

गाठीची तपासणी मात्र आत्ताही मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते, आणि तिकडे जायची वेळ कुणावरही येऊ शकते. गंभीर त्रास क्वचित होतो, पण झाला तर तो बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात, म्हणून तेवढा वेळ थांबवून ठेवतात. कंटाळून उठून जाऊ नका. आणि आधीचं ते नाव, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला जी पावडर पाण्यातून पितात, तिच्यात पुष्कळदा हेच असतं. ती घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा ओठ सुजले असतील, तर सुई लावायच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.